प्रोबेशनमध्ये चार लेट मार्क: सही करू का, काढतील का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी अंबड तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागून सव्वादोन महिने झाले. पगार १८ हजार, प्रोबेशन सहा महिन्यांचं. मुकुंदवाडीत मावशीकडे राहतो. या पाच आठवड्यांत फर्स्ट शिफ्टला चार वेळा उशीर झाला: १२, १८, २५ आणि १५ मिनिटं. तीन लेट म्हणजे अर्धा दिवस म्हणून पगार कापला. आता एचआरने वॉर्निंग लेटर काढलंय, त्यावर सही मागतात आणि वर स्वतःच्या हाताने माफीनामा लिहून दे म्हणतात. सर, सही करू का? काढून टाकतील का? आणि अर्धा दिवस कापणं बरोबर आहे का?"

एकेरीतच लिहितो, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी एकतीस वर्षं आधी टाइम ऑफिसात आणि मग एचआरमध्ये काढली, बहुतेक वाळूजला, थोडी चिकलठाण्याला. लेट मार्क लावणारा मी, वॉर्निंग लेटर टाइप करणारा मी आणि कन्फर्मेशनच्या, म्हणजे कुणाला कायम करायचं ते ठरवणाऱ्या बैठकीत कोपऱ्यात हजेरीचे कागद घेऊन बसणाराही मीच. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

पैशाचा प्रश्न आधी घेऊ, तो सोपा आहे. अठरा हजाराला २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ६९२ रुपये होतात, आठ तासांनी भागलं तर तासाला साडेशहाऐंशी. तुझे चारही उशीर मिळून ७० मिनिटं. म्हणजे जे काम तू केलंच नाहीस त्याचे पैसे होतात १०१ रुपये. कापले ३४६. गैरहजेरीपोटी पगार कापायचा तर माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता तेवढ्याच प्रमाणात कापायचा, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते तसंच आहे. त्यावरची रक्कम म्हणजे दंड, आणि दंडाच्या अटी वेगळ्या. कोणत्या चुकांना दंड बसतो याची मंजूर यादी कामाच्या ठिकाणी लावलेली हवी, दंडाआधी माणसाला बाजू मांडू द्यायला हवी, महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर दंड जायला नको आणि चूक घडून ९० दिवस झाले की तो वसूल करता येत नाही. तुझे ३ टक्के म्हणजे ५४० रुपये. रक्कम मर्यादेत बसते, पण तुला आधी कुणी काही विचारलेलं दिसत नाही.

'तीन लेट म्हणजे अर्धा दिवस' हा नियम आला कुठून? तो मुळात रजेच्या खात्यातला. कायम माणसाच्या शिल्लक रजेतून अर्धा दिवस वळता करायचा, पगाराला हात लावायचा नाही, असा तो हिशोब. प्रोबेशनवाल्याच्या खात्यावर रजाच नसते, मग सॉफ्टवेअर तोच अर्धा दिवस बिनपगारी दाखवून मोकळं होतं. पुष्कळ ठिकाणी कुणी वाईट हेतूने हे केलेलं नसतं, केव्हातरी कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं आणि ते चालत राहिलं. माझ्याच हाताखाली अशी कपात काही वर्षं चालली होती. एका ऑपरेटरने पगाराच्या स्लिपवर पेन्सिलीने गणित करून माझ्यापुढे ठेवलं तेव्हा माझं लक्ष गेलं. तो ऑपरेटर मात्र आठ वर्षं जुना होता. तू सव्वादोन महिन्यांचा आहेस. हे २४५ रुपये आत्ता मागायला जाऊ नकोस, स्लिप जपून ठेव. हा सल्ला कायद्याचा नाही, माझा आहे, आणि कुणाला तो भित्रा वाटला तर वाटू दे.

आता सहीचं. सही कर. पत्र घ्यायलाच नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा मारून ते तुझ्या फाइलला लागतं. मग बैठकीत फाइल उघडली की पहिला विषय तुझा उशीर राहत नाही, तुझा नकार होतो. सहीच्या वर 'पत्र मिळाले' एवढंच लिही, तारीख टाक, आणि एक प्रत माग. प्रत देत नसतील तर वाचून घे आणि घरी गेल्यावर त्यातला मजकूर आठवेल तसा उतरवून ठेव.

माफीनाम्याबाबत सावध राहा. उशीर झाला हे खरं आहे, तेव्हा तो कबूल करायला लाजू नकोस. पण टाइम ऑफिसात माफीनाम्याचा एक ठरलेला नमुना असतो, समोर ठेवून म्हणतात "हे उतरवून काढ". त्यात हमखास दोन वाक्यं असतात. एक, 'मी वारंवार व सवयीने उशिरा येतो'. दुसरं, 'पुन्हा असे घडल्यास कंपनी जी कारवाई करेल ती मला मान्य राहील'. ही दोन्ही तुझ्या हाताने लिहू नकोस. पहिल्यात 'सवयीने' हा शब्द उगाच आलेला नाही. कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या लेखी नियमांत, नुसतं उशिरा येणं आणि सवयीने उशिरा येणं यांत फरक आहे, दुसरं गैरवर्तनात मोडतं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नमुन्यानुसार, वर्षभरात आधी तीनपेक्षा कमी वेळा घडलेली गोष्ट 'सवयीची' धरत नाहीत. तुझा चौथा उशीर त्याच उंबऱ्यावर उभा आहे. म्हणून तर पत्र चौथ्यानंतर आलं, तिसऱ्यानंतर आलं नाही.

त्याऐवजी असं लिही: "दिनांक अमुकचे पत्र मिळाले. त्यात नमूद केलेल्या चार तारखांना मला अनुक्रमे १२, १८, २५ व १५ मिनिटे उशीर झाला, हे बरोबर आहे. त्यांपैकी तीन दिवस सोमवार होते व मी गावाहून थेट कामावर आलो होतो. यापुढे रविवारी रात्रीच शहरात मुक्कामी येईन. माझ्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." बस्स. आई आजारी, घरची गरिबी, नोकरीची गरज यांतलं काही त्यात घालू नकोस. तुझ्यासमोरच्या माणसाच्या घरीही हे सगळं असतं.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाचल्यासारखी वाच. तारीख न टाकलेला राजीनामा किंवा कोऱ्या कागदावर सही कुणी मागितली तर द्यायची नाही. मागणारा कितीही गोड बोलत असला तरी.

सोमवारचं मला कसं कळलं? तू चार तारखा दिल्यास, मी त्या कॅलेंडरवर लावून पाहिल्या. तीन सोमवार, एक गुरुवार. ही टाइम ऑफिसची जुनी खोड. मिनिटं नंतर बघायची, वार आधी बघायचा. सोमवार निघाला की समजायचं पोरगं गावाकडून येतंय. पगार झाल्यानंतरचा दिवस निघाला तर वेगळं समजायचं, ते इथं लिहीत नाही.

मग काढतील का? प्रोबेशनमध्ये काढणं कंपनीला सोपं असतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. 'तुमची सेवा समाधानकारक न आढळल्याने संपुष्टात आणत आहोत' असं साधं पत्र आणि नेमणूकपत्रात लिहिलेली नोटीस, झालं. पण त्याच पत्रात 'सवयीने उशिरा येणे या गैरवर्तनामुळे' असं लिहिलं की तो ठपका झाला आणि ठपका ठेवायचा तर चौकशी करावी लागते. म्हणून जाणकार एचआरवाला कारण लिहीतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सांगितलं होतं की आदेशाचे शब्द साधे असले तरी त्यामागचं खरं स्वरूप शिक्षेचं आहे का हे बघता येतं. ते प्रकरण सरकारी न्यायिक अधिकाऱ्यांचं होतं, पण तत्त्व सगळीकडे सांगितलं जातं. अठरा हजारांच्या नोकरीसाठी त्या वाटेने जायला किती वर्षं लागतात हे मी पाहिलंय. तो रस्ता आहे एवढं माहीत असू दे.

सहा महिन्यांचा जो आकडा तू लिहिलास त्यावरही एक शंका. आदर्श स्थायी आदेशांत कामगारासाठी प्रोबेशन धरलंय तीन महिन्यांचं. सहा महिने सहसा स्टाफच्या पत्रात असतात. तुला 'ट्रेनी इंजिनिअर' म्हणून घेतलं असेल आणि प्रत्यक्षात तू दिवसभर मशीनवर उभा असशील, तर हुद्द्याच्या नावावरून काही ठरत नाही, कामावरून ठरतं. हे स्थायी आदेश महाराष्ट्रात ५० कामगारांपासून लागू होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ते बंधन ३०० कामगारांवर गेलंय. म्हणून तुझ्या कंपनीत माणसं किती आणि स्थायी आदेश नोटीस बोर्डावर लावलेत का, हे चहाच्या सुट्टीत सहज बघून घे. विचारत फिरू नकोस, फक्त बघ.

इथपर्यंत कागदाचं झालं. आता खरं सांगतो. मी ज्या बैठकांना बसलो त्यांत कुणी मिनिटं मोजून माणूस काढल्याचं मला आठवत नाही. दोन पोरांचं उदाहरण देतो. दोघं एकाच बॅचचे, एक परळीकडचा, एक कन्नडचा. परळीवाल्याला सहा महिन्यांत सात लेट मार्क होते. कन्नडवाल्याला दोन. सातवाला कायम झाला, दोनवाल्याला जा म्हटलं. मी रजिस्टर पुढे सरकवून म्हणालोही, साहेब, उलटं होतंय. शॉपच्या सुपरवायझरने रजिस्टरकडे बघितलंही नाही. तो म्हणाला, "ह्याच्यासाठी नाइटवाले थांबतात. त्याच्यासाठी कुणी थांबत नाही."

ह्या वाक्याचा अर्थ कळायला मला शॉप फ्लोअरवर जावं लागलं. तू सातला येणार म्हणजे रात्री अकरापासून मशीनवर उभा असलेला माणूस सातला सुटणार. तो तुझा रिलिव्ह होणारा. तू आला नाहीस तर लाइन लीडर त्याला म्हणतो, थांब जरा, पोरगं येतंच असेल. सव्वासातला त्याची कंपनीची बस सुटते. तू पंचवीस मिनिटं उशिरा आलास की त्याची बस गेली. मग तो रात्रभर जागलेला माणूस गेटच्या बाहेर येऊन शेअर रिक्षा शोधतो, वाळूजजवळच्याच पंढरपूरच्या तिठ्यावर उतरतो, दुसरी रिक्षा धरतो, नऊ वाजता घरी पोचतो. तुझ्या पगारातून ३४६ गेले, त्याच्या खिशातून रिक्षाचे गेले आणि झोप गेली. त्याला कुठला लेट मार्क नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही. पण दुपारी उठल्यावर तो पहिलं कुणाला बोलतो? लाइन लीडरला. आणि तुझ्या कन्फर्मेशनच्या फॉर्मवर 'शिस्त' या रकान्यात खूण कोण करतो? तोच लाइन लीडर सुपरवायझरच्या कानात सांगतो आणि सुपरवायझर खूण करतो. एचआर तो फॉर्म फक्त फाइलला लावतं.

परळीवाला उशीर होणार असला की थेट त्या नाइटवाल्याला फोन करायचा. "काका, बस चुकली, वीस मिनिटं. तुमची बस सोडू नका, मी लीडरला सांगतो." लीडर दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्याला उभा करायचा. बाकीचे दिवस हाच पोरगा पावणेसातला मशीनपाशी हजर. नाइटवाल्याकडून पीस किती निघाले, इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक कधी बदललं, कोणता ऑफसेट म्हणजे मापातला फरक दिला, रिजेक्शनच्या ट्रेमध्ये काय पडलंय, सगळं विचारून घ्यायचा. नाइटवाला सहा पंचावन्नला हात धुवायला मोकळा. कन्नडवाला काटेकोर होता. सात म्हणजे सात. पण आला की कुणाशी बोलणं नाही, मागच्याने काय केलं विचारणं नाही, पहिल्या तासात रिजेक्शन काढणार आणि खापर नाइटवर. दोन लेट त्याचे, पण दोन्ही वेळा फोन बंद.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो ते एचआरकडचं नाही. तुला ज्याला सोडवायचंय त्या माणसाचं नाव काय, तो राहतो कुठे, त्याची बस किती वाजता सुटते, हे तुला माहीत आहे का? त्या चार दिवसांत ज्यांना थांबावं लागलं त्यांना जाऊन भेट. माफी वगैरे मोठे शब्द नकोत. "काका, माझ्यामुळं तुमची बस गेली" एवढं म्हण. आणि पुढचे चार आठवडे पावणेसातला मशीनपाशी जा. चार आठवडे म्हणतो कारण लाइन लीडरची आठवण साधारण तेवढीच असते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. सहाव्या महिन्यात फॉर्म भरताना त्याला पाचवा महिना आठवतो, दुसरा आठवत नाही. तुझा हा दुसरा-तिसरा चाललाय. वेळ आहे तुझ्याकडे.

आता सोमवार. तू शनिवारी शिफ्ट सुटल्यावर गावी जातोस, रविवारी वावरात हात लावतोस, सोमवारी पहाटे सव्वाचारला मित्राच्या मोटरसायकलवर पाचोड, आडूळ करत निघतोस आणि सातला वाळूजला पोचायचं म्हणतोस. नव्वदेक किलोमीटर. कागदावर जमतं. पण थंडीत त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पहाटे धुकं. तू उशिरा पोचतोस याची मला काळजी वाटत नाही, वेळेवर पोचण्यासाठी काय करत असशील याची वाटते. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू, म्हणजे तुलाही. प्रोबेशनमध्ये असलास तरी. तुझा विमा क्रमांक काढून घरी लिहून ठेव. पण हे मी तुला गाडी पळवायला धीर यावा म्हणून सांगत नाही.

रविवारी संध्याकाळीच गाव सोड. आईला वाईट वाटेल, माहीत आहे. माझी आईसुद्धा परभणीला दारात उभी राहायची आणि म्हणायची, सकाळी गेला असता तर काय बिघडलं असतं. ज्या आठवड्यात सोमवारी सेकंड शिफ्ट लागते त्या आठवड्यात रविवारची रात्र गावाला काढ, दुपारी तीनपर्यंत निवांत पोचशील. शिफ्टचा रोटा आधीच लागतो, तो घरी भिंतीवर लाव आणि आईला दाखव. सोयाबीन काढणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवस जास्त लागणार असेल तर आठवडाभर आधी माग. बिनपगारी मिळेल, पण मिळेल. लातूर-धाराशिवकडची पोरं येळवशीला अशीच आधी सांगून जातात आणि इकडचे सुपरवायझर, ज्यांच्या गावाकडं हा सण नाही तेसुद्धा, आता ते धरूनच चालतात. न सांगता गेलेल्याची मात्र येळवस वर्षभर काढली जाते.

गुरुवारचा उशीर कशामुळे ते तू लिहिलं नाहीस. मी अंदाज करतो. मावशीकडे त्या दिवशी पाणी आलं होतं का? शहरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि मुकुंदवाडीसारख्या भागात ते पहाटे आलं की घरातल्या धडधाकट माणसाला मोटर, पाइप, टाकी सोडून हलता येत नाही. टाइम ऑफिसात आम्हाला कोणत्या वसाहतीतली माणसं कोणत्या दिवशी दम खात येणार हे पाणी सुटण्याच्या दिवसावरून कळायचं. हे कारण खरं असेल तर सांगायला संकोच नको, तुझा सुपरवायझरही त्याच शहरात राहतो. पण एकदाच चालतं. पाण्याचा दिवस साधारण माहीत असतो, तेव्हा मावशीच्या पोराला आदल्या रात्री सांगून ठेव.

बाकी मुकुंदवाडी ते वाळूज रोज जाणं-येणं हाच मुळात वाकडा संसार आहे. जालना रोडने क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका करत गेलास तर नगर नाक्यापुढे छावणीतून गोलवाडीपर्यंत कधी अडकशील सांगता येत नाही, एक ट्रक बंद पडला की संपलं. बीड बायपासने महानुभाव आश्रमावरून लिंक रोडने गेलास तर थोडं लांब पडतं, पण सकाळी सहाला ते बरं. माझं मत विचारशील तर प्रोबेशन संपेपर्यंत बजाजनगरला किंवा रांजणगावला चार पोरांच्या खोलीत राहायला जा. मावशीचं जेवण सुटेल, भाडं लागेल. पण पेट्रोल वाचेल, आणि सकाळी पंक्चर झालं तरी चालत पोचशील. पंक्चरची आठवण निघाली म्हणून सांगतो, सोमवारी सकाळी वाळूजच्या रस्त्यावर जेवढी चाकं पंक्चर होतात तेवढे खिळे अख्ख्या जुन्या मोंढ्यात मिळायचे नाहीत. आम्ही ऐकून घ्यायचो. विश्वास ठेवायचो असं नाही.

फोन कधी करायचा, कसा करायचा? शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. सातची शिफ्ट असेल तर साडेसहाला, म्हणजे तुला उशीर होणार हे कळलं त्या क्षणी. व्हॉट्सॲपवर 'सर लेट होईल' टाकून फोन खिशात घालू नकोस, लीडर मशीनपाशी असतो, तो मेसेज चहाला बघतो. फोन लाव, आणि किती वाजता पोचशील तो आकडा सांग. 'निघालोच' म्हणू नकोस. 'सात वीसला गेटवर' म्हण, आणि सात पंधराला पोच.

एक शेवटचं, आणि हे माझ्या अंगावर आलेलं आहे. १९९३ साली मी स्वतः प्रोबेशनवर होतो. तेव्हा घड्याळाच्या मशीनमध्ये कार्ड घालून पंच करायचं असायचं. परभणीहून यायला उशीर होणार होता म्हणून आदल्या दिवशी मित्राला सांगून ठेवलं, माझं कार्ड तूच मार. त्याने मारलं. गेटवरच्या टाइमकीपरने एका हातात दोन कार्डं बघितली. मी पावणेआठला पोचलो तेव्हा माझा मित्र बिचारा तिथंच उभा होता. तो वेळेवर आलेला माणूस, पत्र मात्र त्याला आधी मिळालं. उशिरा येणं ही एक चूक, आणि खोटी हजेरी ही वेगळ्याच जातीची चूक, तिच्यात चार वेळा मोजत बसत नाहीत. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. त्याला काढलं. पुढची कित्येक वर्षं तो भेटला की मी चहाचे पैसे द्यायचो आणि तो देऊ द्यायचा. आता चेहरा दाखवून हजेरी लागते, तेव्हा कार्ड मारता येत नाही, पण 'मिस पंच'चा फॉर्म असतो. मशीनने चेहरा घेतला नाही असं लिहून सुपरवायझरची सही आणायची. कुणी तुला सुचवेल, सोमवारचा लेट तसा मिटवून टाक म्हणून. गेटच्या कॅमेऱ्यात तू सात पंचवीसला दिसतोस. तो फॉर्म भरू नकोस.

तू पाठवलेल्या नेमणूकपत्राच्या फोटोत फक्त पहिलं पान आहे. प्रोबेशन किती, ते वाढवता येतं का, 'लेखी कळवल्याशिवाय कायम समजू नये' अशी ओळ आहे का आणि त्या काळात नोटीस किती दिवसांची, हे सगळं बहुधा दुसऱ्या पानावर असतं. तेवढं पान पाठव, पण ते वॉर्निंग लेटर सही करून दिल्यानंतर पाठवलंस तरी चालेल. सहीसाठी त्याची वाट बघू नकोस.